शेजाऱ्यांच्या दप्तरांतला खानदेश : मध्ययुगीन इतिहासाचा अभ्यास कसा सुरू करावा

खानदेशाचा मध्ययुगीन इतिहास अभ्यासायला बसणाऱ्याने एक गोष्ट पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यावी. थाळनेर आणि बुऱ्हाणपूरहून दोनशेहून अधिक वर्षे राज्य केलेल्या फारूकी सुलतानांची, त्यांच्याच दरबारात लिहिली गेलेली तवारीख आज आपल्या हाती नाही. त्यांच्याबद्दल लिहिले ते विजापूरच्या आदिलशाही दरबारातल्या फिरिश्त्याने, गुजरातच्या इतिहासकारांनी, आणि शेवटी त्यांचे राज्य घेणाऱ्या मोगलांनी. पुढे मराठी अमलातले कागदही बरेचसे पुण्याला गेले. म्हणजे आपल्या मुलखाची हकिगत बहुतेक वेळा शेजाऱ्यांच्या दप्तरांतून वाचावी लागते. यात निराश होण्यासारखे काही नाही. प्रत्येक कागदाला ‘तू कुठे उभा राहून बघतो आहेस?’ हे विचारण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या सवयीसाठीच आहेत.

प्रश्न लहान घ्या, हद्द मोठी ठेवा

‘खानदेशाचा इतिहास’ हा विषय नवख्याला झेपत नाही. ‘नवापूर–नंदुरबार–बुऱ्हाणपूर वाटेवरचे मुक्काम’, ‘आपल्या परगण्याचे देशमुखी वतन’, ‘लळिंगच्या किल्ल्याचे उल्लेख कोणत्या साधनांत येतात’ असे प्रश्न घ्या. एका वाक्यात प्रश्न मांडता येत नसेल, तर तो अजून लहान करायला हवा.

शोधाची हद्द मात्र आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांपुरती ठेवू नका. फारूकींची राजधानी बुऱ्हाणपूर आणि त्यांचा सर्वांत बळकट किल्ला असीरगड आज मध्य प्रदेशात आहेत. उलट आजचे नंदुरबार ‘आईन-इ-अकबरी’त, म्हणजे अबुल फज्लने लिहिलेल्या अकबराच्या राज्यकारभाराच्या ग्रंथात, खानदेश सुभ्यात (प्रांतात) सापडत नाही. ते माळवा सुभ्यातले ‘सरकार’, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, म्हणून येते. त्याआधी नंदुरबार-सुलतानपूरच्या पट्ट्यावर गुजरातच्या सुलतानांचा हक्क होता. बागलाण तर १६३८ पर्यंत स्वतःच्या राजांच्या ताब्यात होते. नंदुरबारवर काम करणारा माणूस फक्त खानदेशाचे प्रकरण वाचून ‘काही मिळाले नाही’ म्हणत परततो, त्याचे कारण हेच.

गावांच्या नावांनीही फसगत होते. खानदेशातल्या फार्सी नोंदींत ‘आदिलाबाद’ दिसले की तेलंगणात जाऊ नका. ते आपले एदलाबाद, म्हणजे आजचे मुक्ताईनगर. अकबराने शहजादा दानियालच्या नावावरून सुभ्याला ‘दानदेश’ म्हटले, म्हणून सूचीत दोन्ही नावे शोधावी लागतात. सुरुवातीलाच एका वहीत आपल्या भागातल्या गावांची आजची नावे, जुनी नावे, मोडीत दिसणारी रूपे आणि फार्सी रूपे अशी चार रकान्यांची यादी घाला. ती कामाच्या शेवटापर्यंत वाढत राहते.

काळाची हद्दही ठरवून घ्या. यादवांपासून १८१८ पर्यंतचा काळ ‘मध्ययुग’ म्हणून घेण्याची पद्धत मराठीत रुळलेली आहे. काही अभ्यासक १७०७ नंतरचा काळ वेगळा काढतात. कोणतीही विभागणी चालेल, पण आपण कोणती घेतली ते लिहून ठेवा.

गॅझेटियर उघडा, पण तिथे थांबू नका

खानदेशावरचा मुंबई गॅझेटियरचा बारावा खंड १८८० साली निघाला, आणि बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. सुरुवात म्हणून तो चांगला आहे. त्यात गावोगावच्या देवळांची, किल्ल्यांची, कबरींची आणि शिलालेखांची नोंद मिळते, आणि तेव्हा उभे असलेले काही अवशेष आज तेवढेही उरलेले नाहीत. पण गॅझेटियरचा फारूकींबद्दलचा मजकूर मुख्यतः फिरिश्त्याच्या इंग्रजी भाषांतरावर उभा आहे. ते भाषांतर ब्रिग्जने १८२९ साली छापले, आणि ते बरेच सैल आहे. फिरिश्त्याने लिहिले ते फारूकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा याच्यानंतर दोन शतकांनी.

म्हणून साखळी उलटी चालवा. स्थानिक पुस्तकातले विधान घ्या, त्याचा आधार गॅझेटियरमध्ये शोधा, तिथून ब्रिग्ज, तिथून फिरिश्ता, आणि मग ‘फिरिश्त्याला हे कुठून कळले असेल?’ हा प्रश्न. तीन पुस्तकांत एकच गोष्ट आहे म्हणजे तीन पुरावे झाले, असे नवख्याला वाटते. तिन्ही जर एकाच ठिकाणाहून उचललेली असतील, तर तो पुरावा एकच आहे. फारूकींनी आसा अहिराकडून असीरगड घेतल्याची गोष्ट याच कसोटीवर लावून पाहा. ती सगळीकडे आहे, पण मागे जात राहिलात की बहुतेक वाटा फिरिश्त्याशी येऊन मिळतात.

तारीख लावायला शिका

या पायरीवर सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून इथे घाई नको.

शालिवाहन शकात चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवले की इसवी सन येतो. विक्रम संवतातून ५७ किंवा ५६ वजा करतात. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्यामुळे नुसती बेरीज चालत नाही: हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की अंदाजे सन येतो, आणि नेमक्या दिवसासाठी जंत्रीच, म्हणजे तारखांची छापील कोष्टके, लागते. मराठी कागदांत येणारा सुहूर सन, ज्याला अरबी सनही म्हणतात, मृगात बदलतो. त्यात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवावे लागतात. हा सन आकड्यांत न लिहिता अरबी संख्याशब्दांत लिहितात, तेही एककापासून उलट. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजेच ११६१. पत्र जानेवारीतले असेल तर ६०० मिळवून १७६१, पानिपतचा महिना. शब्दांची यादी पाठ करा. एका आठवड्यात होते.

फसली सनाची, म्हणजे महसुलासाठी वापरल्या जाणाऱ्या सनाची, गोम खानदेशात जास्त जाणवते. दक्षिणेतल्या फसलीला ५९० किंवा ५९१ मिळवतात, उत्तरेतल्या फसलीला ५९२ किंवा ५९३. आपला मुलूख दोन्हींच्या सीमेवर असल्यामुळे कागद कोणत्या कचेरीतून निघाला ते पाहिल्याशिवाय फसलीचे रूपांतर करू नये. मराठी पत्रात तारखेआधी ‘छ’ असेल तर तो चंद्र, म्हणजे पुढे हिजरी महिना येणार. युरोपियनांच्या नोंदींत आणखी एक पेच आहे. पोर्तुगीजांनी १५८२ सालीच नवी दिनगणना घेतली, इंग्रजांनी १७५२ साली. त्यामुळे सतराव्या शतकात एकाच दिवसाच्या दोघांच्या तारखांत १० दिवसांचा फरक पडतो.

आता प्रत्यक्ष उदाहरण. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने सिद्धांतशिरोमणी आणि भास्कराचार्यांचे इतर ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाला निकुंभ राजा सोईदेवाने दिलेले दान नोंदलेले आहे. काळ यादव सिंघणाचा. लेखात शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा आणि चंद्रग्रहण असे चार दुवे आहेत. नुसते ७८ मिळवले तर १२०६ येते. पण साठ संवत्सरांच्या चक्रातले प्रभव संवत्सर १२०७ मध्ये येते, आणि ९ ऑगस्ट १२०७ ही श्रावणी पौर्णिमा ग्रहणाशीही जुळते. शक वर्तमान, म्हणजे सरलेले नव्हे तर चालू वर्ष मोजणारा, धरला तर ७७ मिळवावे लागतात आणि आपण आणखी मागे जातो, म्हणून तो मार्गही इथे बंद. तीन दुवे एका बाजूला आणि शकाचा आकडा दुसऱ्या बाजूला असल्यामुळे अभ्यासक १२०७ धरतात. लेखात वार, तिथी, संवत्सर, ग्रहण यांतले जे काही असेल ते सगळे टिपा. एका आकड्यावर तारीख ठरवायची नसते.

दुसरे उदाहरण बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीचे. आदिलशाह फारूकी, म्हणजे राजा अली खान, याने ती बांधली. तिथल्या अरबी लेखात हिजरी ९९७ आहे, म्हणजे १५८८–८९. त्याच मशिदीत संस्कृत लेखही आहे. तो ‘श्रीसृष्टिकर्त्रे नमः’ असा सुरू होतो, फारूकींची वंशावळ देतो आणि संवत १६४६, शके १५११, पौष अशी मिती सांगतो. पौष शुद्ध पक्ष त्या वर्षी जानेवारीत पडतो, म्हणून ७९ मिळवून १५९०. दोन लेखांच्या तारखा वेगळ्या आहेत. त्या ओढून एक करू नका. बांधकामाचे दोन टप्पे असू शकतात, लेख वेगवेगळ्या वेळी कोरले गेले असू शकतात. या लेखाचे मोल मोठे आहे, कारण फारूकींनी स्वतःबद्दल काय सांगितले ते ऐकण्याची ही दुर्मिळ जागा आहे. फिरिश्त्याची वंशावळ या वंशावळीशेजारी ठेवून एकेक नाव ताडून पाहा. मशिदीत संस्कृत लेख कसा, याचे उत्तर आजच्या भांडणांच्या भाषेत शोधू नका. सोळाव्या शतकातल्या बुऱ्हाणपुरात कोण वाचक होते, राजाला कोणाला काय सांगायचे होते, असे विचारा.

दगडापाशी जाताना

शिलालेख सकाळी सूर्य वर आल्यावर तासाभरात किंवा मावळतीआधी वाचावा. तिरप्या उजेडात अक्षरे उठून दिसतात. दुपारी तोच दगड सपाट वाटतो. अंधाऱ्या गाभाऱ्यात बॅटरी दगडाला जवळजवळ समांतर धरा आणि चारही दिशांनी एकेक फोटो घ्या. फोटोत मोजपट्टी असू द्या. एक फोटो पूर्ण दगडाचा, एक आजूबाजूच्या भिंतीसह, आणि मग प्रत्येक ओळीचे, शेजारचा फोटो थोडा झाकेल असे.

खडू, पीठ, तेल, शेंदूर, चुना यांतले काहीही अक्षरांत भरू नका. तेलाने धूळ चिकटते आणि अक्षराची कड कायमची बुजते. तारेचा ब्रश तर वर्ज्यच. मऊ केसांचा कोरडा ब्रश पुरे. कागदी ठसा घ्यायचा असेल तर संरक्षित स्मारकावर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते, आणि तो जाणत्याच्या हाताखाली शिकूनच घ्यावा.

वाचन लिहिताना दिसते तेवढेच लिहा. तुटलेली अक्षरे चौकोनी कंसात, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह, ओळ बदलली की नवी ओळ. पाटणच्या लेखाच्या शेवटी मराठीत ‘इयां पाटणीं जें केणें उघटे’ अशी ओळ येते, पेठेत येणाऱ्या मालावरचा कर मठाला दिल्याची. ती आजच्या मराठीत ‘दुरुस्त’ करून उतरवली, तर भाषेचा पुरावाही गेला आणि कराचाही.

लेख नसलेली ठिकाणेही बोलतात. वाघळी, बलसाणे, चांगदेव इथली देवळे, थाळनेरच्या फारूकी कबरी, भामेर आणि लळिंगचे किल्ले पाहताना दगड कुठला, चुना वापरला आहे का, एका बांधकामावर दुसरे कुठे चढले आहे, पाणी कुठून येते, एवढ्या चार गोष्टी आधी पाहा. ‘हेमाडपंती’ म्हटले की काळ ठरला, असे समजू नका. वाघळीचा लेख शके ९९१ चा, म्हणजे १०६९ च्या सुमाराचा आहे. ज्याच्या नावावरून ‘हेमाडपंती’ म्हणतात तो यादवांचा मंत्री हेमाद्री त्यानंतर दोनशे वर्षांनी झाला.

शेतात नाणी सापडली तर घासून चकचकीत करू नका, आणि विकू तर नकाच. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

मोडी आणि रुमाल

धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे, आणि राजवाड्यांचा स्वतःचा संग्रह तिथे आहे. रामदासी हस्तलिखितांसाठी धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिर आहे. पेशवाईतल्या खानदेशासाठी पुण्याचे पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ गाठावे लागते. जाण्याआधी पत्र किंवा फोन करून वेळ, ओळखपत्र आणि फोटोची परवानगी विचारून घ्या.

मोडी शिकायला भिण्याचे कारण नाही. रोज तासभर दिला तर दोन-तीन महिन्यांत पेशवेकालीन सुवाच्य पत्र अडखळत का होईना वाचता येते. जड जाते ते तीन कारणांनी: शब्द जोडून लिहिलेले असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, आणि ‘तपे’, ‘मौजे’, ‘परगणे’, ‘मोर्तब सुद’ असे ठरीव शब्द आखूड रूपांत येतात. म्हणून आधी मायने आणि शेवट पाठ करा. पत्राचा निम्मा भाग ठरीव असतो. तो ओळखता आला की अनोळखी मजकूर तेवढाच उरतो.

दप्तरखान्यात शिसपेन्सिलच न्या. शाईचा पेन कागदाजवळ नको. प्रत्येक टिपणावर दप्तराचे नाव, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) क्रमांक, कागद क्रमांक आणि पाहिल्याची तारीख आधी लिहा, मजकूर नंतर. हा क्रम चुकला की वर्षभराने हातात सुंदर उतारा असतो आणि तो कुठला हे सांगता येत नाही. असा उतारा कोणाच्याही उपयोगाचा राहत नाही.

कागदाचा प्रकार ओळखा. महजर हा सभेपुढे झालेल्या निवाड्याचा कागद, त्यात साक्षीदारांची नावे आणि निशाण्या असतात. गावातल्या बलुतेदारांची नावे हवी असतील तर महजरासारखे साधन नाही. कैफियत आणि करीना म्हणजे पक्षकाराने आपली बाजू मांडलेली. त्यात घराण्याचा मूळ पुरुष नेहमीच पराक्रमी असतो, कारण वतन मिळवायचे असते. भाटांच्या वह्याही याच वर्गातल्या. त्या टाकून देऊ नका, पण शेवटच्या पाच-सहा पिढ्यांच्या मागे त्यांचा एकट्याचा आधार घेऊ नका.

बनावट कागदही भेटतात. १८५२ नंतर इनामांची चौकशी करणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे हक्क सिद्ध करताना अनेकांना जुन्या सनदा दाखवाव्या लागल्या, आणि त्या निमित्ताने नव्याही तयार झाल्या. सन, महिना, शिक्का आणि अधिकाऱ्याचे नाव एकमेकांशी जुळतात का पाहा. कागद उजेडात धरून पाणचिन्ह बघा. बोरूची रेघ जाड-बारीक होते. पोलादी टाकाची वेगळी दिसते. ‘नक्कल’ म्हटलेला कागद खोटा नसतो, पण नक्कल केव्हा आणि कशासाठी झाली हे लिहून ठेवा.

दोन साधने भांडतात तेव्हा

खरी इतिहासकारी इथे सुरू होते. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला. शेवटचा फारूकी बहादूरखान त्याआधी स्वतः गडाखाली आला होता, एवढ्यावर सगळे एकमत आहेत. गड का पडला यावर नाही. अबुल फज्ल सांगतो की गडावर साथ पसरली, माणसे मरू लागली, शिबंदीचे मन खचले. जेझुइटांच्या पत्रांवरून फ्रान्समध्ये दु जारिकने लिहिलेली हकिगत सांगते की गडावर अन्न, पाणी, तोफा भरपूर होत्या. बहादूरखानाला शपथ देऊन बोलावले आणि अडकवले. मग पैसे चारून दरवाजे उघडले. १९१७ साली व्हिन्सेंट स्मिथने जेझुइटांवर विश्वास ठेवला, आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्याच्या निष्कर्षावर हरकती घेतल्या.

नवख्याची पहिली ओढ एकाला खरा ठरवण्याची असते. ती आवरा आणि एक कागद उभा दुभागून लिहायला घ्या. अबुल फज्ल वेढ्यात स्वतः होता, पण बादशहाचा चरित्रकारही होता. ज्याच्या पत्रांवर जेझुइटांची हकिगत उभी आहे तो फादर झेवियर छावणीत होता, पण अकबराने त्याच्याकडून पोर्तुगीज तोफा मागितल्या, त्याने नकार दिला आणि बादशहाची नाराजी ओढवून घेतली होती. शिवाय आपल्या हातात त्याचे पत्र नाही, दु जारिकने रचलेली हकिगत आहे. मग बघा: साथ आणि लाच या दोन गोष्टी एकमेकींना खोडतात का? साथीने खचलेल्या शिबंदीला पैसे देणे सोपेच असते. दोन्ही विधाने अंशतः खरी असणे शक्य आहे. एकाने साथ पुढे केली आणि लाच झाकली, दुसऱ्याने उलट. जे नक्की सांगता येत नाही ते ‘शक्य’ म्हणूनच लिहा.

दुसरा प्रसंग १६३०–३२ च्या दुष्काळाचा. शाहजहान तेव्हा बुऱ्हाणपुरात होता. त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी दुष्काळाचे भयानक वर्णन करतो आणि मग सांगतो की लंगर उघडले, बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये वाटले, सुमारे ७० लाखांचा सारा माफ केला. ही माफी एकूण साऱ्याचा अकरावा भाग असल्याचेही तोच सांगतो. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका: बाकीचे दहा भाग मागितले जात होते, हे त्यातच आहे. इंग्रज प्रवासी पीटर मंडी नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून निघून नवापूर, नंदुरबार करत बुऱ्हाणपूरकडे गेला, आणि वाटेवरच्या प्रेतांची, ओस पडलेल्या वस्त्यांची नोंद करत गेला. त्याला दिसले ते रस्त्यालगतचे. सातपुड्याच्या आत काय झाले ते त्याने पाहिलेले नाही. लाहोरीला राजवाडा दिसतो, मंडीला रस्ता. कुणब्याचे आणि भिल्लाचे घर दोघांनाही दिसत नाही, आणि आपल्या लेखात ती जागा रिकामी आहे हे स्पष्ट लिहायला हवे.

आकड्यांशी जपून

‘आईन’मधला खानदेशाचा सारा वऱ्हाडी टंक्यांत आहे, आणि तिथेच एका टंक्याचे २४ दाम (दाम हे मोगलांचे तांब्याचे नाणे) धरल्याचे सांगितले आहे. हे न पाहता तो आकडा दुसऱ्या सुभ्याच्या दामांतल्या आकड्याशेजारी ठेवला तर खानदेश चोवीसपट गरीब दिसतो. असीर जिंकल्यावर हा सारा निम्म्याने वाढवल्याचेही तिथेच आहे. हा आकडा मागणीचा आहे, वसुलीचा नाही. त्यावरून पीक किती आले किंवा माणसे किती होती हे निघत नाही. मराठी ताळेबंदांतही जमा, वसूल आणि बाकी हे तीन रकाने वेगळे उतरवा.

लिहिताना, आणि कागद घरी असतील तर

पहिला लेख आठ-दहा पानांचा पुरे. प्रत्येक परिच्छेदात साधन काय म्हणते आणि आपण काय म्हणतो हे वेगळे दिसू द्या. ‘नोंद आहे’, ‘यावरून दिसते’, ‘असावे’ हे तीन शब्दप्रयोग तीन वेगळ्या वजनांचे आहेत; त्यांची अदलाबदल करू नका. मूळ मोडी उतारा शेवटी पूर्ण जोडा, म्हणजे तुमचे वाचन चुकले असेल तर दुसऱ्याला ते दुरुस्त करता येईल.

घरी जुने दप्तर असेल तर लॅमिनेशन करू नका; ते नंतर निघत नाही आणि कागद आतून जळतो. चिकटपट्टी लावू नका. घड्या जबरदस्तीने उलगडू नका. पावसाळ्यातल्या दमट हवेतही नको आणि मे महिन्यातल्या कडक कोरड्या दुपारीही नको, कारण तेव्हा घडीवर कागद मोडतो. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात सैल बांधा, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, डांबराच्या गोळ्या थेट कागदावर टाकू नका. फोटो काढताना पाठची बाजूही घ्या. शेरे, तारखा आणि दाखल केल्याच्या नोंदी पुष्कळदा तिथेच असतात. फोटोंची एक प्रत राजवाडे मंडळासारख्या संस्थेकडे द्या. अस्सल कागद घरी राहिला तरी चालतो.